थकलेली बिलं, उशिरा आलेली तक्रार आणि तारखांचा तक्ता

प्रश्न थोडक्यात असा आहे. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने एका मोठ्या कंपनीला आठ महिन्यांत सात लॉट पुरवले. खरेदी आदेशात, म्हणजे पीओमध्ये, ६० दिवसांची उधारी आहे. आज १ कोटी १२ लाख रुपये येणे बाकी आहेत. सर्वात जुनं बिल १८ लाखांचं असून त्या मालाच्या डिलिव्हरीला दोन वर्षं सात महिने झाले. अकरा महिन्यांपूर्वी २० लाख 'ऑन अकाउंट' आले, पण ते कोणत्या बिलापोटी हे समोरच्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर प्रश्नकर्त्यांनी कडक स्मरणपत्र धाडलं. नवव्या दिवशी उत्तर आलं की मालात दोष आहेत, आणि सोबत २३ लाखांची डेबिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम देण्यातून वजा केल्याचं पत्र. पीओत लवादाचं कलम आहे आणि लवाद नेमायचा अधिकार खरेदीदार कंपनीच्या एमडींना आहे. सीए म्हणतात एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) जा, एक संचालक म्हणतात पोलिसांत तक्रार करा, ओळखीचे वकील म्हणतात दावा लावू.

या तिन्ही सल्ल्यांत फोरम (दाद मागायची जागा) आधी ठरला आणि फाइल नंतर उघडली. मी उलट्या बाजूने सुरुवात करतो. एका कागदावर प्रत्येक लॉटची एक ओळ करा: पीओ, चलन, माल पोचल्याची तारीख, जीआरएन (माल घेतल्याची खरेदीदाराची नोंद), बिल, त्या लॉटबद्दल लेखी तक्रार आली असेल तर तिची तारीख, आणि मिळालेले पैसे. तुमच्या सात ओळी होतील. अशी फाइल माझ्याकडे येते तेव्हा हा तक्ता सहसा कोणाकडे नसतो. असतं ते टॅलीचं लेजर. लेजरमध्ये बिलाची तारीख असते, माल पोचल्याची नसते. आणि या वादात बहुतेक मोजणी माल पोचल्याच्या दिवसापासून सुरू होते.

पहिली मोजणी मुदतीची. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावायला मुदत कायदा, १९६३ तीन वर्षं देतो. उधारी ठरलेली नसेल तर डिलिव्हरीपासून, ठरलेली असेल तर उधारी संपल्यापासून. तुमची उधारी ६० दिवसांची, म्हणजे कागदोपत्री जुन्या बिलाला आणखी सात महिने आहेत. मी मात्र डिलिव्हरीपासूनच मोजेन आणि पाच महिने उरलेत असं समजून चालेन. उधारीच्या दिवसांवरून उद्या वाद झाला तर तो आपल्या मुदतीच्या आत मिटलेला बरा.

पण त्याआधी त्या २० लाखांकडे बघा. भारतीय करार कायद्याची कलमं ५९ ते ६१ फार कमी कंपन्यांच्या लेखा विभागाला माहीत असतात. पैसे देणाऱ्याने कोणत्या कर्जापोटी ते दिले हे सांगितलं नाही आणि परिस्थितीवरूनही कळत नाही, तर घेणारा ते आपल्या मर्जीने कोणत्याही देय कर्जाला लावू शकतो. ते कर्ज मुदतबाह्य झालेलं असलं तरीही, असं कलम ६० स्पष्ट म्हणतं. तुमच्या लेखापालाने ही रक्कम सॉफ्टवेअरमध्ये सर्वात नव्या बिलाला जोडली आहे, कारण स्क्रीनवर तेच बिल वर दिसत होतं. ही नोंद तुमच्या घरातलीच असेल, समोरच्यांना बिलवार हिशेब पाठवलेला नसेल, तर ती अजून बदलता येते. जुन्या १८ लाखांच्या बिलाला २० लाख लावा, ते बिल फिटलं, आणि तसं त्यांना लेखी कळवा. मुदतीची धास्ती एका पत्राने जाते. उरतात ते १ कोटी १२ लाख नव्या बिलांचे. बिलवार स्टेटमेंट आधीच गेलं असेल तर मात्र हा दरवाजा बंद झाला असं धरा. म्हणून पहिलं काम वकिलाचं नाही, लेखापालाचं आहे: कोणतं स्टेटमेंट कोणत्या ईमेलने कधी गेलं ते शोधणं.

आता त्यांचा तक्रारीचा ईमेल. तो वाचून तुम्ही हादरलात हे प्रश्नावरून दिसतं. मला तो ईमेल तुमच्या फाइलमधला सर्वात कामाचा कागद वाटतो.

एकतर डेबिट नोट २३ लाखांची आहे आणि येणं १ कोटी १२ लाखांचं. मग उरलेल्या ८९ लाखांचं काय? ईमेलमध्ये जर "आपल्या थकबाकीतून २३ लाख वजा करण्यात येत आहेत" अशा अर्थाचं वाक्य असेल, तर थकबाकी आहे हे त्यांनी लिहून दिलं. मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मुदत संपण्याआधी दिलेल्या, सहीच्या लेखी कबुलीने तीन वर्षं नव्याने सुरू होतात. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असंही आहे की कबुलीसोबत पैसे द्यायला नकार असला किंवा वजावटीची मागणी असली तरी ती कबुलीच राहते. ईमेलही कबुली म्हणून धरल्याचे निकाल आहेत. पुढे दावा लागलाच तर दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश १२, नियम ६ खाली, मान्य केलेल्या रकमेपुरता निकाल आधी मागता येतो. सगळं त्या वाक्याच्या शब्दांवर आहे. "कथित थकबाकी" लिहिलं असेल तर यातलं बरंच गळून पडतं.

दुसरं, तक्रारीची तारीख. शेवटची डिलिव्हरी होऊन वर्ष उलटलं, मग दोष दिसले. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे खरेदीदाराने वाजवी काळ उलटून गेल्यावरही नाकारल्याचं न कळवता माल ठेवून घेतला, तर त्याने तो स्वीकारला असं समजलं जातं. तुमचे भाग त्यांनी आपल्या यंत्रांत बसवून पुढे विकले असतील तर प्रश्न आणखी सोपा होतो. विक्रेत्याच्या मालकीशी विसंगत असं काही करणं म्हणजेही स्वीकारच. पण स्वीकार झाला म्हणून त्यांचा बचाव पार संपला असं समजू नका. कलम ५९ प्रमाणे माल ठेवून घेऊनही ते दोषापोटी किमतीत कपात मागू शकतात. फरक इतकाच की मग दोष कोणत्या लॉटमध्ये, किती नगांत आणि नुकसान किती, हे त्यांना सिद्ध करावं लागतं. डेबिट नोटमध्ये लॉट क्रमांक आहे का? तपासणी अहवाल जोडलाय का? बहुतेक वेळा नसतो. आजच दोन ओळींचं पत्र पाठवून तो मागा, आणि सदोष म्हणता तो माल तपासायला आमचा माणूस कधी पाठवू, हेही विचारा. या पत्राला उत्तर आलं नाही तरी तुमचं काम झालेलं असतं.

इथे उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, मुद्दा येतो. तुम्ही ती आहे असं लिहिलंय, पण कधीपासून ते लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ चं उशिराच्या पैशाबद्दलचं प्रकरण सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांसाठी आहे. मध्यम उद्योगाला ते मिळत नाही. नुसत्या व्यापाऱ्याला उद्यम प्रमाणपत्र मिळालं तरी हा लाभ मिळत नाही, पण तुम्ही उत्पादक आहात. नोंदणी पीओच्या आधीची असेल तर तुमचा पाया पक्का. नंतरची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज आणि २०२२ च्या महाकाली फूड्स या निकालांचा दाखला देऊन समोरचे वकील पहिल्याच दिवशी हरकत घेतील, आणि ती हरकत वजनदार असेल.

पाया पक्का आहे असं धरून पुढे जाऊ. कलम १५ प्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी उधारी ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणजे पीओतले ६० दिवस गेले. हे ४५ दिवस मोजायचे मालाच्या स्वीकारापासून. आणि स्वीकाराची व्याख्या तुमच्या वादासाठीच लिहिल्यासारखी आहे: डिलिव्हरीनंतर १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर प्रत्यक्ष डिलिव्हरीचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. तुमच्या तक्त्यातला 'लेखी तक्रार' हा रकाना सात ओळींपैकी किती ओळींत पहिल्या १५ दिवसांत भरलेला आहे? एकाही नसेल, तर व्याजाचं मीटर प्रत्येक लॉटसाठी डिलिव्हरीपासूनचे ४५ दिवस संपताच चालू झालेलं आहे. कलम १६ चं व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के झालं. या दराने अडीच वर्षांत व्याजच मुद्दलाच्या निम्म्याहून वर जातं. मोठ्या कंपनीचा वित्तप्रमुख तुमच्या नोटिशीतला दुसरा कोणता परिच्छेद वाचो न वाचो, हा वाचतो.

आणखी एक जागा आहे, जिथे पुरवठादार क्वचितच बघतात: समोरच्या कंपनीचा स्वतःचा ताळेबंद. कंपनी असल्यामुळे तो कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून मिळतो. १ एप्रिल २०२१ पासून कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ प्रमाणे देण्यांचा वयवार तक्ता (कोणतं देणं किती काळ थकलंय ते दाखवणारा) द्यावा लागतो, आणि त्यात सूक्ष्म-लघु उद्योगांचं देणं वेगळं आणि त्यातलं वादग्रस्त देणं आणखी वेगळं दाखवावं लागतं. ज्या वर्षी माल सदोष होता असं आज सांगतायत, त्या वर्षीच्या तक्त्यात वादग्रस्त देण्याच्या रकान्यात शून्य असेल, तर उलटतपासणीत यापेक्षा चांगला प्रश्न मिळणार नाही. शिवाय ४५ दिवसांहून जास्त थकलेल्या सूक्ष्म-लघु पुरवठादारांची माहिती कंपन्यांना एमएसएमई-१ या फॉर्ममध्ये दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. तिथे तुमचं नाव आहे का बघा. तुम्ही बिलावर उद्यम क्रमांक छापत नसाल तर नसणार, आणि मग ते म्हणतील आम्हाला माहीतच नव्हतं. छापत नसाल तर आजपासून छापा. ताळेबंदातली नोंद कर्जाची लेखी कबुली ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बिशाल जयस्वाल प्रकरणात सांगितलं आहे. मात्र संचालकांच्या अहवालात किंवा टिपांत काही शर्त घातली आहे का तेही वाचावं लागतं.

जीएसटीचंही तसंच. माल मिळाला म्हणून त्यांनी इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) घेतलं असेल. १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. ते परत केलं की नाही हे तुम्हाला परस्पर दिसणार नाही, पण नोटिशीत हा प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही. आयकरातही २०२४-२५ या आकारणी वर्षापासून सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं देणं कायद्याच्या मुदतीपलीकडे थकवलं, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. धमकीच्या सुरात लिहू नका. एक साधं वाक्य पुरतं. त्यांच्या लेखापरीक्षकाला ते कळतं.

आता फोरम. नोंदणीची तारीख साथ देत असेल तर सुविधा परिषदेकडे, म्हणजे २००६ च्या त्या कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे, जा. पीओतल्या लवादाच्या कलमाचा अडसर होत नाही. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या त्या कायद्याचं कलम १८ खाजगी लवाद करारावर मात करतं, हे महाकाली फूड्समध्ये ठरलं आहे. आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला की परिषद स्वतः लवादाचं काम करते किंवा एखाद्या संस्थेकडे सोपवते. लवादाच्या टप्प्यावर मुदत कायदा लागतो आणि खरेदीदार प्रतिदावाही करू शकतो, या दोन्ही गोष्टी सिल्पी इंडस्ट्रीजमधून येतात; तेव्हा २३ लाखांचा मुद्दा तिथे येणारच, तयारीने जा. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, ते कागदावर. प्रत्यक्षात परिषदेसमोर किती गर्दी आहे त्यावर आहे. तरीही मी तिथेच पाठवेन, आणि त्याचं मुख्य कारण कलम १९ आहे: निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. चक्रवाढ व्याजासह. मोठ्या कंपन्या अपिलांवर वर्षं काढतात त्या खेळाची किंमत इथे एकदम वाढते.

सीएंचा एनसीएलटीचा सल्ला मला या प्रकरणात पटत नाही. दिवाळखोरी संहितेची किमान मर्यादा मार्च २०२० पासून १ कोटी आहे. तुमचं येणं तिच्या जेमतेम वर. मागणी नोटीस मिळण्याआधीच वाद अस्तित्वात असेल तर पुरवठादाराचा कलम ९ चा अर्ज फेटाळला जातो. तो वाद शेवटी टिकेल का हे न्यायाधिकरण पाहत नाही, फक्त तो निव्वळ पोकळ नाही ना एवढं पाहतं. २०१७ च्या मोबिलॉक्स निकालापासून हे पक्कं आहे. तुमच्याकडे त्यांचा ईमेल आणि डेबिट नोट आधीच आहे. तो ईमेल परिषदेसमोर तुमच्या कामाचा, एनसीएलटीसमोर त्यांच्या. आणि वादातले २३ लाख बाजूला काढले तर उरतात ८९ लाख, म्हणजे मर्यादेच्या खाली. समजा अर्ज दाखल करून घेतलाच, तर काय होईल? वसुलीला स्थगिती लागेल, कंपनीचं व्यवस्थापन त्यांच्या हातातून जाईल, आणि तुम्ही इतर व्यावहारिक धनकोंबरोबर (मालाचे वा सेवेचे पैसे येणं असलेल्यांबरोबर) रांगेत, बँकांच्या बऱ्याच मागे उभे राहाल. दिवाळखोरी संहिता ही वसुलीची यंत्रणा नाही, हे सर्वोच्च न्यायालय पुन्हा पुन्हा सांगत आलं आहे. समोरची कंपनी सधन असेल आणि काही वादच नसेल तेव्हा मागणी नोटिशीने पैसे येतात, हे खरं. तुमची केस तशी नाही.

पोलिसांत तक्रार करायचा विचार सोडा. सुरुवातीपासून फसवायचा इरादा होता असं दाखवणारं काही नसेल, तर हा दिवाणी वाद आहे, आणि दिवाणी वादाला फौजदारी रंग देऊन दबाव आणण्याच्या सवयीवर सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी प्रकरणात आणि नंतर कितीतरी वेळा कान उपटले आहेत. ज्यांनी तुम्हाला २० लाख दिले, त्यांचा हेतू मुळातच फसवणुकीचा होता हे कसं सांगणार? शिवाय अशी तक्रार केली की वाटाघाटींची खोली रिकामी होते. चेक वटला नसता तर गोष्ट वेगळी होती: बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मिळाल्यापासून १५ दिवस वाट, पुढच्या एका महिन्यात तक्रार. या तीन तारखांपैकी एक चुकली तरी उशीर माफ करून घेण्याची वेळ येते, किंवा प्रकरणच जातं.

नोंदणी पीओनंतरची निघाली तर? मग लवादाचं कलम जिवंत होतं. एमडींनी नेमलेला लवाद मान्य करू नका. ज्याचा निकालात हितसंबंध आहे तो एकट्याने एकमेव लवाद नेमू शकत नाही, हे २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालात ठरलं. तुम्ही लवाद कायद्याच्या कलम २१ ची नोटीस द्या, एक-दोन नावं सुचवा, जमलं नाही तर कलम ११ खाली उच्च न्यायालय नेमेल. नोटीस समोरच्यांना मिळाली त्या दिवशी प्रक्रिया सुरू झाली असं धरलं जातं, म्हणून तिची पोच फाइलमध्ये हवी. लवादाची फी मात्र दोघांनी भरायची असते आणि ती लहान कंपनीला टोचते.

लवादाचं कलमच नसतं, तर वाणिज्यिक न्यायालय. २०१५ च्या कायद्याची किमान रक्कम २०१८ पासून ३ लाख झाली, त्यामुळे कंपन्यांचे बहुतेक वाद आता तिथे जातात. तातडीचा आदेश मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. पाटील ऑटोमेशन निकालाने २० ऑगस्ट २०२२ पासून तिच्याशिवाय आलेला दावा फेटाळला जातो. तातडीचं नाटक करून ती टाळायचा प्रयत्नही न्यायालयं ओळखतात. या मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. या न्यायालयाचा खरा धाक प्रतिवादीला आहे: समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत (लेखी उत्तर) आली नाही तर ती देण्याचा हक्कच जातो. आणि वादीला धाक कागदपत्रांचा. तुमच्या ताब्यातले वादाशी संबंधित सगळे कागद दाव्यासोबत, शपथेवर द्यायचे, तुमच्या विरोधातले धरून.

विरोधातले म्हणजे काय, ते तुमच्याच फाइलमधून सांगतो. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरचा खरेदीदाराच्या इन्स्पेक्टरला गेलेला एक व्हॉट्सअॅप संदेश आहे: "हो सर, चौथ्या लॉटला थोडे बर होते, पुढच्या लॉटला काळजी घेतो." 'बर' म्हणजे भागाच्या कडेला राहिलेली धातूची खरखरीत धार. माणसाने सौजन्याने लिहिलं. त्यांच्या वकिलाच्या हातात तो संदेश म्हणजे सगळ्या सात लॉटबद्दलची कबुली होईल. तो लपवायचा प्रश्नच नाही. त्या इन्स्पेक्टरच्या फोनमध्येही तो आहेच. तो चौथ्या लॉटपुरता आहे, डिलिव्हरीनंतर किती दिवसांनी गेला, त्यानंतर माल परत आला की वापरला गेला, हे तक्त्यात मांडा. आणि चौथ्या लॉटमध्ये खरंच दोष असेल तर तेवढ्याची रक्कम काढून, स्वतःहून कपात मान्य करा. सात लॉटपैकी एकाचा दोष कबूल करणारा पुरवठादार उरलेल्या सहांबद्दल खरं बोलतोय असं ऐकणाऱ्याला वाटतं. ९० टक्के मागणारा ताठ माणूस १०० टक्के मागणाऱ्या संतापलेल्या माणसापेक्षा लवकर पैसे घेऊन जातो, असं माझं मत आहे. माझ्या व्यवसायातले सगळे ते मानत नाहीत.

ते संदेश पुराव्यात आणायचे तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ठरावीक नमुन्यात, हॅश व्हॅल्यूसह (मजकूर बदललेला नाही हे पडताळायचा संकेतांक). आधीच्या कायद्यातही असं प्रमाणपत्र लागायचं. २०२० च्या अर्जुन खोतकर निकालाने त्यात पळवाट ठेवली नाही. तेव्हा मॅनेजरला सांगा, फोन बदलू नका, गट सोडू नका, डिसअपिअरिंग मेसेज बंद करा. आणि मॅनेजर नोकरी सोडायच्या बेतात असेल तर आधी त्या फोनची प्रत काढून घ्या.

तडजोड होण्याची शक्यता मला चांगली वाटते, कारण ८९ लाखांबद्दल त्यांच्याकडे बोलायला फार काही नाही. झालीच तर हप्त्यांचा करार नीट वाचून सही करा. नवा करार जुन्या कराराची जागा घेतो, भारतीय करार कायदा, कलम ६२. "८० लाखांत सर्व हिशेब पूर्ण" असं लिहून दिलं आणि दुसऱ्या हप्त्यानंतर पैसे थांबले, तर तुम्हाला ८० चाच उरलेला भाग मागता येईल, १ कोटी १२ लाख नाही, व्याज तर नाहीच. म्हणून एक कलम हवंच: एकही हप्ता चुकला तर मूळ रक्कम, मूळ व्याजासह, लगेच देय. परिषद, लवाद किंवा मध्यस्थीपुढे ही तडजोड नोंदवली तर तिची अंमलबजावणी निवाड्यासारखी होते. खाजगीत केली तर पुन्हा नव्याने दावा.

आणि निवाडा हातात आल्यावर दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावायची वेळ आली, तर त्यांची मालमत्ता कुठे आहे हे तुम्हाला माहीत हवं. ते २० लाख कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यातून आले, ते आत्ताच लिहून ठेवा. जप्तीला सर्वात सोपी गोष्ट चालू खातं असते. पैसे बुडवायला मालमत्ता हलवत असल्याची ठोस माहिती मिळाली तर निकालाआधीची जप्तीही मागता येते, पण नुसत्या शंकेवर ती मिळत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय की चालू पीओवरचा माल रोखावा का. एकदम रोखू नका. पीओत रिस्क परचेसचं कलम असेल तर ते दुसरीकडून चढ्या भावाने घेतील आणि फरक तुमच्या नावावर टाकतील. मग आज २३ लाखांचा असलेला त्यांचा दावा उद्या वाढलेला असेल. आधी पत्र द्या: जुनी देणी अमुक तारखेपर्यंत न मिळाल्यास पुढचा माल आगाऊ रकमेवरच निघेल. पीओ एकच असून पैसे न देणं हा त्याचा भंग असेल तर तुमची बाजू भक्कम. प्रत्येक पीओ स्वतंत्र असेल तर जुन्या पीओच्या थकबाकीसाठी नव्याचा माल अडवणं अवघड. हे पत्र पाठवण्याआधी दोन्ही पीओ आणि त्यांच्या मागच्या पानावरच्या बारीक अटी कोणाला तरी वाचायला द्या. तक्ता, त्यांचा ईमेल जसाच्या तसा, उद्यम प्रमाणपत्र आणि बिलवार स्टेटमेंट गेलं होतं की नाही याचं उत्तर, एवढं या आठवड्यात जमवा; परिषदेचा अर्ज त्यानंतर फार मोठं काम नाही.